'डोळा' कोणता, ते वाक्यच सांगतं

नाशिकमधल्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: स्पर्धा परीक्षांतले इंग्रजी शब्दार्थाचे प्रश्न म्हणजे निव्वळ पाठांतर, तेव्हा रोज 50 शब्द पाठ करा. उताऱ्यातल्या संदर्भावरून अर्थ लावणं हा तुक्का आहे आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये तो महागात पडतो. शिवाय मराठी माध्यमाच्या मुलांना ते जमतच नाही.

मी अशोक स्तंभाजवळच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी इंग्रजी शिकवते. मेसेज आला त्याच आठवड्यात दोन मुलींनी उतारे सोडवणं बंद केलं आणि वहीत याद्या उतरवायला घेतल्या. म्हणून हे लिहितेय.

पाठांतराची गरज आहे तिथे ती आहेच. एसएससीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरभरती परीक्षेच्या, पेपरात नुसता शब्द देऊन समानार्थी किंवा विरुद्धार्थी विचारतात. आजूबाजूला वाक्यच नसतं, तिथे शब्द माहीत हवा. पण त्याच पेपरात क्लोज टेस्ट, म्हणजे मधले शब्द गाळलेला परिच्छेद असतो, उतारा असतो. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत भाषेचे 20 प्रश्न चार उताऱ्यांवरच असतात. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेनेही 2016 मध्ये दुर्मीळ शब्दांवरचा भर काढून टाकला आणि उताऱ्यात तो शब्द कोणत्या अर्थाने आलाय हे विचारायला सुरुवात केली.

यादीची खरी अडचण वेगळीच आहे. यादीत एका शब्दापुढे एक अर्थ असतो. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी. बँकेने कर्ज सँक्शन केलं, तिथे ते बरोबर. पण एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन लादले, असं वाक्य आलं तर? तिथे अर्थ निर्बंध, म्हणजे जवळजवळ उलटा. पेपर काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. सगळ्यांचा पाठ असलेला अर्थ पर्यायांत हमखास ठेवलेला असतो आणि यादीवाला विद्यार्थी नेमका त्यावरच खूण करतो.

आता तुक्क्याचं. हा शब्द मला फार लागला, कारण संदर्भ वाचणं म्हणजे पुरावा शोधणं. हे वाक्य बघा: 'रात्रभर पाऊस कोसळला, गोदेला पूर आला, दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला, तरी काठावरचा म्हातारा दुकानदार नॉन्शलंट होता.' घाईने वाचणारा पूर बघतो आणि 'घाबरलेला' निवडतो. 'तरी' या दोन अक्षरांवर थांबलेला मुलगा मात्र ओळखतो की पुढे अपेक्षेच्या उलट काहीतरी येणार. म्हणजे निश्चिंत. शब्द त्याने आधी कधी पाहिलेला नसला तरी चालतं. मी मुलांना आधी तो शब्द बोटाने झाकायला लावते. मग रिकाम्या जागी आपला मराठी शब्द घाला, त्यानंतर पर्याय बघा, आणि निवडलेला पर्याय वाक्यात परत बसवून वाचा. यात अंदाज आहे, पण तो तपासलेला अंदाज आहे.

संदर्भ प्रत्येक वेळी मदत करत नाही, हेही खरं. वाचनाच्या अमेरिकन अभ्यासक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्येच संदर्भांचे चार प्रकार मांडले होते: थेट अर्थ दाखवणारे, ढोबळ दिशा देणारे, काहीच न सांगणारे आणि चक्क दिशाभूल करणारे. म्हणून तर हे शिकवावं लागतं. 'वाचा, कळेल' म्हणून भागत नाही.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशेब छोटा आहे. एसएससीच्या पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीला 0.50 वजा. संदर्भाने चारपैकी दोन पर्याय बाद करता आले, तर अशा चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर, दोन चूक. 4 वजा 1, म्हणजे 3 गुण हाती. सोडून दिले तर शून्य.

राहिला मराठी माध्यमाचा मुद्दा. इंग्रजी उताऱ्यातले बरेच शब्द अनोळखी असले तर संदर्भही मुका होतो, हे मान्य. हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांच्या 2000 सालच्या अभ्यासात, कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायला शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे असावे लागतात, असं दिसलं. त्यावर उपाय म्हणजे सोपं इंग्रजी भरपूर वाचणं. आणि पाठच करायचं तर आधी 'ऑल्दो', 'हाउएव्हर', 'अनलाइक', 'नेव्हरदलेस' असे वाक्यं जोडणारे शब्द करा. ते पुढचा अर्थ कुठे वळणार ते सांगतात.

पण जमतच नाही? निफाड-दिंडोरीकडून आलेल्या मुलांना मी विचारते, 'छाटणीत काडीवर किती डोळे राखले?' या वाक्यातला डोळा कुठला? एकही जण चेहऱ्यावरचा डोळा सांगत नाही. छाटणी, काडी, राखणे हे शब्द कानावर पडले की द्राक्षवेलीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, त्यांना आपोआप दिसतो. हे त्यांना कोणी यादीतून शिकवलेलं नाही. हीच नजर इंग्रजी वाक्यावर वळवायची आहे, आणि त्याला सराव लागतो.

त्या दोघींच्या वह्या मी बंद करायला लावल्या नाहीत. फक्त प्रत्येक शब्दापुढे अर्थाच्या आधी, तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहायला सांगितलं. आता दिवसाला 50 शब्द होत नाहीत, आठ-दहा होतात. काल त्यातल्या एकीने 'सँक्शन' दोनदा लिहिला होता, दोन वेगळ्या वाक्यांसकट.