बत्तीस लिटर काही नाही

डिकीतला बारा इंची सबवूफर, म्हणजे बास हा खालचा घुमणारा आवाज काढणारा स्पीकर, जळाला तेव्हा घरात कुणालाही वाईट वाटलं नाही. जळक्या कॉइलचा वास माजिवड्यापासून गायमुखापर्यंत गाडीत सोबतीला होता, आणि घोडबंदर रोडवर संध्याकाळी हे अंतर केवढं असतं ते ठाणेकरांना सांगायला नको. ‘चला, आता डिकीत सामान मावेल,’ एवढीच काय ती बायकोची श्रद्धांजली. पण त्याच सुमारास मेहुण्याने गाडी विकली आणि तिच्यातला दहा इंची सबवूफर काढून मला आणून दिला. फुकट.

स्पीकर बसवायची लाकडी पेटी जुनीच वापरायची होती. बारा इंची स्पीकरचं भोक साधारण अकरा इंचांचं असतं आणि दहा इंचीचं नऊच्या आसपास. बारा इंचीचं भोक बारा इंच का नसतं, असं विचारू नये. ठाण्यात सहाशे फुटांचा फ्लॅट घेतलेल्या माणसाने तर अजिबात विचारू नये. लहान भोक मोठं करायला जिगसॉ आणि थोडा उद्धटपणा पुरतो. मोठं भोक लहान करायला सुतार लागतो.

कळव्यातले आमचे सुतारकाका देव्हारे आणि चपलांचे रॅक करतात. अठरा एमएमच्या एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, रिंग कापायची, ती जुन्या भोकावर बसवायची आणि तिच्यावर नवा स्पीकर, हे त्यांना मी वाक्य पूर्ण करायच्या आत समजलं. अडलं ते पुढे.

“आत काय ठेवायचंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग झालं की.”

“नाही काका, ते काही नाही जास्त झालंय. बत्तीस लिटर आहे, वीस लिटर पाहिजे.”

लिटर म्हटल्यावर त्यांनी पेटी उलटी करून खालचे सांधे तपासले. “पाणी भरणार असाल तर एमडीएफ फुगेल हां साहेब.”

मग मी एडगर व्हिलचर काढले. या अमेरिकन गृहस्थांनी १९५४ साली बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगच्या कामाला लावलं. स्पीकरचा पडदा आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला परत बाहेर ढकलते. पेटी गरजेपेक्षा मोठी असली तर ही स्प्रिंग ढिली पडते आणि पडदा नको तेवढा उड्या मारतो. पुढे थील आणि स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात बसून कुठल्या स्पीकरला किती हवा लागते याचं गणितच मांडलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक लाकडाचे पैसे देतं, हवा त्याला वरती मिळते. इथे उलटा मामला होता. हवेचंच माप चुकून चालणार नव्हतं आणि लाकूड केवळ तिला धरून ठेवायला होतं.

“म्हणजे बारा लिटर कमी करायचे ना? आठ विटा टाकतो.”

मी मोबाइल काढला. वीट १९ बाय ९ बाय ९ सेंटीमीटरची, म्हणजे दीड लिटरच्या किंचित वर. आठ विटांचे बारा लिटर आणि वर थोडे. व्हिलचर, थील आणि स्मॉल यांच्याशिवाय हे उत्तर आलं होतं! पण एका विटेचं वजन तीन किलो धरलं तरी पंचवीसेक किलो वीटकाम डिकीत घेऊन फिरायचं, आणि टायर बदलताना बघ्यांना काय सांगायचं?

घरी हा पेच मांडला तर बायकोने माळ्यावरची जुनी उशी पुढे केली. जागाच कमी करायची आहे ना, मग घाल कापूस. आता ही खरी कठीण गोष्ट. पेटीत कापूस भरला तर ती स्पीकरला लहान नव्हे, मोठी वाटते. हवा दाबली की तापते, ती उष्णता कापसाचे तंतू ओढून घेतात, आणि हवेचा ताठा कमी होतो.

“भरल्यावर मोठी होते?” बायको म्हणाली. “मग आपल्या कपाटांना काय धाड भरलीय?”

या प्रश्नावर थील-स्मॉल यांनी काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

शेवटी प्लायचे उरलेले तुकडे फेव्हिकॉल आणि स्क्रूने आतल्या भिंतींना ठोकले, स्पीकरच्या मॅग्नेटला जागा सोडून. सांध्यांना सिलिकॉन भरलं. ते वाळताना व्हिनेगरसारखा वास मारतं, त्यामुळे गाडीत लोणचं कुणी सांडलं याची आईने रीतसर चौकशी केली. स्पीकर बसवल्यावर हवा कुठून निसटत नाही ना हे बघायला पडदा बोटांनी हळूच दाबायचा असतो. तो सावकाश वर आला तर पेटी पक्की. इडली झाली का बघावं तसे काका आणि मी आळीपाळीने दाबून बघत होतो.

वाजवल्यावर मात्र खडखड! तुकडा सुटला असेल म्हणून स्पीकर काढला, तुकडे हलवून पाहिले, पुन्हा बसवला, पुन्हा खडखड. काकांचा चेहरा देव्हारा वाकडा निघाल्यासारखा झाला. तेवढ्यात सोसायटीच्या वॉचमनने, काही न बोलता, मागच्या नंबरप्लेटवर तळहात ठेवला. आवाज बंद. प्लेटच्या मागे फोमची टेप चिकटवली आणि विषय मिटला.

बास आता चांगला आवळून येतो. परवा समोरचे काका माझ्या शिफारशीने कळव्याला चपलांचा रॅक सांगायला गेले, ते वैतागून परतले.

“कसला माणूस आहे हो तुमचा? लांबी-रुंदी सांगितली, तर म्हणतो लिटरमध्ये सांगा.”