खुलासा: ‘पीके-१११९५’ची पावडर कॅन्सरचं औषध नाही

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास उतरलेल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पीके-१११९५ने कॅन्सरच्या पेशी मरतात, परदेशात रुग्णांना देतात, केमोची गरज नाही, पावडर ऑनलाइन मिळते.’

यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागाच्या बाहेरच्या पडद्यावर टीएसपीओ नावाचं प्रथिन असतं. पीके-१११९५ हे रासायनिक संयुग त्याला चिकटतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही कॅन्सर पेशी त्यामुळे केमोच्या औषधांना लवकर बळी पडतात. म्हणजे केमोच्या जोडीला, केमोऐवजी नव्हे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच उलटं केलंय.

शिवाय यात एक गोम आहे. टीएसपीओला चिकटायला नॅनोमोलर, म्हणजे अगदी थोडी, मात्रा पुरते. पेशींवरचा परिणाम मात्र बहुतेक वेळा मायक्रोमोलर मात्रेत, म्हणजे हजारपट जास्त, दिसला. आणि टीएसपीओ नसलेल्या पेशींवरही दिसला! मग मारा नेमका कुठे होतोय? बशीतल्या पेशींना ही मात्रा देता येते, माणसाला तशी देऊन चालत नाही.

माणसांत हे संयुग वापरलं गेलं ते मुख्यतः मेंदूतला दाह दाखवणाऱ्या पेट (पीईटी) स्कॅनसाठी, किरणोत्सारी कार्बन-११ जोडून, अत्यल्प प्रमाणात. ‘परदेशात देतात’ हे बहुधा तिथूनच उचललंय.

अशा पावडरीच्या डबीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. मागवली असेल तर डबी डॉक्टरांना दाखवा. कुणी घेतली असेल तर पुढच्या ओपीडीची वाट बघू नका.