‘विष निघतंय, निघू द्या’ म्हणे!

मावशीनं इम्प्लांटच्या दाताला, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या कृत्रिम दाताला, ब्रश लावणं सोडलं. कारण एक फॉरवर्ड: ‘इम्प्लांटच्या स्क्रूत फट असते, त्यातून जंतू गळतात. हिरडीतून रक्त आलं तर शरीर टायटॅनियमचं विष बाहेर टाकतंय, तिथे घासू नका. रात्री लवंगतेलाचा बोळा ठेवा. दुखत नसेल तर डॉक्टरकडे जाऊ नका, ते फक्त पैसे काढतात.’ नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर हे इतकं फिरलंय की मलाच तीनदा आलं.

फटीचं खरं आहे, मान्य. हाडातला स्क्रू आणि त्यावरचा जोडभाग यांच्यात काही मायक्रॉनची फट उरते आणि जंतूंना ती पुरते. १९९७ साली यान्सेन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत १३ प्रकारचे जोड तपासले, सगळ्यांतून जंतू गळले. शंकूच्या आकाराच्या जोडांत गळती कमी, पण शून्य नाही. म्हणून काय दात काढून फेकायचा? फट आहे म्हणूनच तिथली सफाई जास्त हवी.

आता ते ‘विष’. काहून बाप्पा, टायटॅनियम विष असतं तर इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये स्वीडनमध्ये ज्या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, त्याच्या तोंडात ते २००६ पर्यंत, म्हणजे तो वारेपर्यंत टिकले असते का? रक्त येतं ते जंतूंच्या थरामुळे हिरडी सुजते म्हणून. संशोधकांनी लोकांना मुद्दाम तीन आठवडे इम्प्लांटभोवती ब्रश लावू दिला नाही. हिरडी सुजली, रक्त यायला लागलं. सफाई सुरू केल्यावर सूज उतरत गेली. म्हणजे हा मेसेज जो उपाय सांगतो, तीच आजार तयार करायची कृती आहे! २०१७ च्या शिकागोच्या जागतिक परिषदेनं इम्प्लांटभोवतीच्या आजारांची व्याख्या ठरवली, त्यातही हेच: सूज फक्त हिरडीत असेल तर ती परतवता येते, ती हाडात उतरली की गेलेलं हाड आपोआप भरत नाही.

आणि हाड गेलं तरी बरेचदा दुखतच नाही. डॉक्टर हिरडीच्या कडेनं बारीक खुणांची सळई हळूच आत घालतात, ती किती मिलिमीटर गेली ते वाचतात, रक्त किंवा पू येतो का बघतात, मग एक्स-रे जुन्याशी ताडून पाहतात. हे आरशात बघून घरी कळणार आहे का?

नुसत्या लवंगतेलानं हिरडी भाजू शकते. पुढे.

पैशाचं म्हणाल तर खासगीत खर्च होतो, नाही म्हणत नाही. पण तपासून घ्यायला नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे जायला कोणी अडवलंय? शिकागोच्या अहवालात धोका वाढवणारी ठळक कारणं कोणती सांगितली आहेत? आधी झालेला हिरड्यांचा आजार, कच्ची सफाई आणि नियमित तपासणी टाळणं. मेसेज यातल्या दोन गोष्टी चक्क करायला सांगतो.

सगळ्यात गंमत म्हणजे नागपूरच्या मेसेजमध्ये खर्ऱ्याबद्दल एक अक्षर नाही. पन्नीत घोटलेली ती तंबाखू-सुपारी वर्षानुवर्षं गालात धरली की तोंड उघडणंच कमी होत जातं. मग मागच्या इम्प्लांटपर्यंत दातांमधल्या फटी साफ करायचा छोटा ब्रश पोहोचणार कसा?