दिव्यांगांना वायरमन करण्याची सोपी पद्धत

संस्थाचालकहो, दिव्यांग बेरोजगारांना वीजजोडणीचे मोफत प्रशिक्षण देण्याचा आपला निश्चय झाला असेल, तर भोसरीत कंट्रोल पॅनल जोडून देण्याचा छोटा व्यवसाय करणारा मी काही सूचना करू इच्छितो. पुण्यातल्याच अशा एका केंद्राचे प्रमाणपत्र घेऊन एक कर्णबधिर तरुण नुकताच माझ्याकडे कामाला लागला आहे आणि तेथे त्याला काय काय शिकवले गेले नाही, याची यादी अजून पुरी व्हायची आहे.

जागा शक्यतो दुसऱ्या मजल्यावर घ्यावी. लिफ्ट असल्यास उत्तम. तिची किल्ली मात्र रखवालदाराकडे ठेवावी आणि प्रमुख पाहुण्यांच्या दिवशीच ती बाहेर काढावी. रॅम्पचा उतार नियमानुसार १:१२ हवा, म्हणजे अडीच फूट उंचीच्या जोत्याला तीस फूट लांबीचा रॅम्प लागतो. एवढ्या जागेत विश्वस्तांच्या दोन मोटारी सहज उभ्या राहतात, तेव्हा रॅम्प आठ फुटांत उरकावा. चाकाची खुर्ची वर चढणार नाही, पण उतरताना वेग चांगला घेईल.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, देशभर ग्राह्य असले, तरी आपण ते ग्राह्य धरू नये. साक्षांकित प्रती मागाव्यात.

आयटीआयमध्ये वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. आपण तो पंधरा दिवसांत संपवावा, कारण सोळाव्या दिवशी दुसऱ्या तुकडीचे उद्घाटन असते.

आता प्रात्यक्षिकाविषयी. कर्णबधिरांच्या तुकडीला खुणांच्या भाषेचा दुभाषा देऊ नये. शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून मोठ्याने बोलावे. तार सलग आहे की तुटलेली, हे तपासायला शिकवताना मल्टिमीटर बझरवर लावावा आणि ‘आवाज आला की तार ठीक’ असे सांगावे. ही माझी कल्पना नव्हे, हे खरोखर घडले आहे. माझ्याकडच्या मुलाला मी एक वायर तपासायला दिली, तेव्हा त्याने दोन्ही प्रोब टोकांना व्यवस्थित लावले आणि मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मला उलगडा होईना. शेवटी त्याने मोबाइलवर लिहून दाखवले की, वर्गात सर मान हलवायचे, मग तार ठीक आहे असे समजायचे! मी मीटर त्याच्याकडे वळवला, बझरवरून ओहमवर आणला आणि आकडा शून्याच्या जवळ आला तर तार सलग, ‘ओएल’ दिसले तर तुटलेली, हे लिहून दिले. त्यानंतर त्याने मला काहीही न विचारता सबंध टर्मिनल पट्टी तपासून एक सैल लग (तारेच्या टोकाची धातूची जोडणी) शोधून काढला. जे दोन ओळींत लिहून सांगता येत होते, ते अख्ख्या अभ्यासक्रमात कोणालाही सुचले नाही. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला सरावाचा एक बोर्डही तेथे नव्हता. सुरक्षेच्या कारणास्तव वीज फक्त तक्त्यावर दाखवली जात होती. म्हणजे पहिला धक्का बसायचा तो गिऱ्हाइकाच्या घरी बसावा, अशी सोय झाली.

टूलकिट मंचावर द्यावे, फोटो झाल्यावर परत घ्यावे. घरी नेऊ दिलेच, तर आतली पक्कड अशी असावी की पुण्यातल्या वीजसामानाच्या बाजारातला, तपकीर गल्लीतला दुकानदार ती पाहून नुसता हसेल.

नोकरीचे कोणी विचारलेच, तर प्रशिक्षित वायरमनला पॅकिंगच्या कामावर पाठवावे आणि अहवालात त्याची नोंद ‘रोजगारप्राप्त’ अशी करावी.

पुरे झाले. हा विनोद आता मलाच सोसवत नाही. पॅनलचे काम बाकावर बसून होते, त्याला शिडी लागत नाही. लाल, पिवळ्या आणि निळ्या तारा डोळ्यांनी ओळखायच्या असतात, फेरूलवरचे (तारेच्या टोकाला चढवलेल्या छोट्या नळीवरचे) क्रमांक ड्रॉइंगशी ताडून पाहायचे असतात. ऐकू न येणारा माणूस किंवा पाय गमावलेला माणूस यांतले नेमके काय करू शकत नाही, ते मला कोणीतरी सांगावे. पुण्याला हे नवीन आहे असेही नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना कामधंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आपल्या खडकीतच आहे. सर्वसाधारण कौशल्य प्रशिक्षणातही दिव्यांगांना सामावून घ्या, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा कलम १९ मध्ये सांगतो. हे सगळे माहीत असून तुम्ही मुलांना रांगेत उभे करून त्यांच्या हातात कागद देता आणि टाळ्या घेता. त्या कागदाच्या भरवशावर एखादा मुलगा चालू लाइनला हात लावील, याची भीती तुम्हाला कशी वाटत नाही? मुलात काही कमी नव्हते, तुम्ही त्याला शिकवलेच नाही. दुभाष्याला द्यायला पैसे नसतील, तर फ्लेक्सही छापू नका आणि पुढच्या तुकडीचे उद्घाटनही करू नका.