‘एकदा तरी विऊ द्या’ या सल्ल्याला आधार नाही

मांजर पाळणाऱ्यांमध्ये व्हॉट्सॲपवरून एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: भाटी एकदा व्याल्याशिवाय तिची नसबंदी करू नये, कारण पहिल्या बाळंतपणाने तिची प्रकृती सुधारते आणि आई होण्याची तिची इच्छा पुरी होते, नसबंदीने मांजर लठ्ठ होते, बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद राहून लघवी तुंबते, आणि भुलीतून पुष्कळ मांजरे उठतच नाहीत. आमच्या ठकीला पाच महिन्यांची असताना ज्या पशुवैद्यांकडे नेले, त्यांनीही यातला पहिला मुद्दा जवळजवळ याच शब्दांत सांगितला होता. त्यांच्यावर विसंबून आम्ही थांबलो, आणि सात महिन्यांची होण्याआधीच ठकी गाभण राहिली.

पहिल्या बाळंतपणाने प्रकृती सुधारते, हे विधान मुळातच उलटे आहे. मांजरांच्या स्तनग्रंथींत होणाऱ्या गाठींपैकी दहातल्या आठ-नऊ कर्करोगाच्या निघतात, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, तर वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी होतो. वर्ष उलटल्यावर हा फायदा झपाट्याने घटतो. त्याच अभ्यासात मांजर पूर्वी व्याली होती की नाही, याने काहीही फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे वाट पाहण्यातून मिळत काही नाही, हातची मुदत मात्र निघून जाते. शिवाय गर्भपिशवीत पू होण्याचा जो जीवघेणा आजार न काढलेल्या गर्भपिशवीला कधीही जडू शकतो, तो एका बाळंतपणाने टळत नाही.

‘आई होण्याची इच्छा’ हा शब्दप्रयोग आपला आहे, मांजरीचा नव्हे. माजावर आलेली भाटी रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, शेपटी बाजूला करून बसते. हे सारे संप्रेरकांमुळे घडते. मांजरीच्या बीजांडकोशातून बीज सुटते ते बहुधा बोक्याशी संग झाल्यावरच. तसे न झाल्यास माज काही दिवसांनी ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. इच्छा एकदाच पुरी व्हायची असती, तर व्याल्यानंतर हे थांबायला हवे होते. प्रत्यक्षात पिल्ले अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते. ठकीची पिल्ले दीड महिन्याची होती तेव्हा ती पुन्हा खिडकीशी ओरडू लागली, आणि त्याच तीन पिल्लांवर पुढे दोन महिन्यांत ती फिस्कारू लागली. (तिन्ही पिल्लांना घरे मिळवून देताना आमची जी दमछाक झाली, तिचा उल्लेख त्या मजकुरात कुठेच नाही.)

लठ्ठपणाच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. नसबंदीनंतर मांजरीची उष्मांकांची गरज साधारण पाव हिश्श्याने कमी होते आणि भूक मात्र वाढते. त्यामुळे वाडगा पूर्वीसारखाच भरत राहिलो तर वजन वाढणारच. यावर उपाय खाणे मोजून देण्याचा आहे, शस्त्रक्रिया टाळण्याचा नाही.

बोक्याच्या मूत्रमार्गाबद्दल थोडक्यात: लहान वयात व उशिरा नसबंदी केलेल्या बोक्यांच्या मूत्रमार्गाची रुंदी मोजून तुलना झालेली आहे आणि तीत फरक आढळलेला नाही. लघवी तुंबण्याचा संबंध कमी पाणी पिणे, वाढलेले वजन, कोरडे खाणे आणि ताण यांच्याशी अधिक आहे.

भुलीची भीती मात्र समजण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या निरोगी मांजरांतील मृत्यूचे प्रमाण ०.११ टक्के, म्हणजे सुमारे नऊशेत एक, इतके होते. ही संख्या आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्याला जशीच्या तशी लागू करता येणार नाही, आणि म्हणूनच डॉक्टरांना प्रश्न विचारणे आवश्यक आहे. आम्ही नंतर ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी ठकीचे वजन करून रक्त तपासले, किती तास उपाशी ठेवायचे ते लिहून दिले आणि ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तिला घरी सोडले नाही. कुशीवर एक लहान छेद आणि दहा दिवस गळ्यात कॉलर, एवढ्यावर सारे निभावले. निघताना त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली: दुखत असेल असे वाटून घरातली तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, तुकडाभरसुद्धा द्यायची नाही, कारण ती मांजरीला विषासारखी भिनते. त्या मजकुरात भुलीची भीती सविस्तर आहे. या गोळीविषयी एक शब्द नाही.