कोपऱ्यातला तांबडा ठिपका

काम इतके किरकोळ होते की त्याची स्वतंत्र फाइल उघडतानाही मला संकोच वाटला. भोसरीतल्या एका शेडच्या दारावर पत्र्याची छोटी कॅनोपी बसवायची होती आणि तिला आधार देणारा, १२ मिलिमीटर जाड प्लेटमधून कापलेला एल आकाराचा ब्रॅकेट पुरेसा आहे का, एवढेच मला सांगायचे होते. असा ब्रॅकेट वहीच्या अर्ध्या पानात निकालात निघतो. पण आमच्या ऑफिसने नुकतेच फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे वस्तूचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडून तिच्यातला ताण मोजणाऱ्या, सॉफ्टवेअरचे लायसन्स घेतले होते, आणि घरात नवा मिक्सर आला की आठवडाभर सगळ्यांना चटणी खावीच लागते.

पहिला तास एककांनी खाल्ला. पोलादाचा यंग्ज मोड्युलस, म्हणजे त्याच्या ताठपणाचा आकडा, न्यूटन आणि मिलिमीटरच्या हिशेबात २,००,००० असतो; मी तो आकडा तसाच भरला आणि लांबी मात्र मीटरमध्ये दिली. परिणामी माझा हातभर ब्रॅकेट ३५० मीटर खाली वाकला. सॉफ्टवेअरने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक दिले. ती चूक सुधारली, तेव्हा स्टिफनेस मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याची तक्रार आली, म्हणजे साध्या भाषेत, ब्रॅकेट भिंतीला जोडायचे मी विसरलो होतो आणि तो बिचारा अंतराळात तरंगत होता.

अखेर २० मिलिमीटरच्या जाळीवर, म्हणजे तेवढ्या आकाराच्या तुकड्यांवर, उत्तर आले: आतल्या कोपऱ्यात ताण १२० मेगापास्कल. साधे पोलाद २५० ला यील्ड होते, म्हणजे कायमचे वाकू लागते, तेव्हा मी तिथेच थांबून जेवायला बसायला हवे होते. पण मला नॉर्वेची आठवण झाली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या स्लाइपनर ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असतानाच फ्योर्डमध्ये बुडाला, आणि त्यामागचे एक मुख्य कारण असे निघाले की भिंतींची जाळी फार ढोबळ असल्यामुळे कातरताण ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला होता. भोसरीत समुद्र नाही, हे मला मान्य आहे. तरीही मी जाळी १० मिलिमीटरची केली.

ताण १६४ झाला. ५ मिलिमीटरला तो २२५ झाला, आणि अडीचला ३०८. कॅनोपी तीच, वजन तेच, ब्रॅकेटही तोच. मी जितके जवळून पाहत होतो तितका तो अधिक आजारी दिसत होता. रात्री अडीच वाजता, सर्वाधिक ताण दाखवणाऱ्या, कोपऱ्यातल्या त्या तांबड्या ठिपक्यापुढे बसलो असताना, कॉलेजात परीक्षेपुरते पाठ केलेले आठवले की अगदी टोकदार आतल्या कोपऱ्यात लवचिकतेच्या सिद्धान्तानुसार ताण अनंत असतो. म्हणजे सॉफ्टवेअर इमानेइतबारे अनंताकडे निघाले होते आणि मी त्याच्यासाठी विजेचे बिल भरत होतो.

सकाळी फॅब्रिकेटरचा फोन आला. “साहेब, ड्रॉइंगमध्ये आतला कोपरा एकदम काटकोनात दाखवलाय. गॅस कटरने तसा निघत नाही. मी आधी तिथं वीसचं भोक पाडतो आणि मग त्याच्यापर्यंत कापत येतो. चालेल ना?”

चालेल, असे मी शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हणालो आणि लगेच मॉडेलमध्ये १० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिली. ताण १८० वर आला. जाळी निम्मी केली तर १८२, आणखी निम्मी केली तर १८३. एवढे शहाण्यासारखे वागताना मी त्याला रात्रभरात पाहिले नव्हते.

रिपोर्ट पाहून शेडच्या मालकांचा चेहरा मात्र उतरला. “सगळं ठीक म्हणता, मग हा कोपरा तांबडा का?” रंगपट्टीत सर्वांत मोठ्या आकड्याला, मग तो २ असो की २००, तांबडाच रंग मिळतो, हे मी त्यांना दहा मिनिटे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण तेवढा तांबडा भाग काढता नाही का येणार?”

मी ऑफिसात परतलो, रंगपट्टीची वरची मर्यादा २५० केली आणि तेच पान पुन्हा छापून पाठवले. तांबड्याचा पिवळा झाला होता. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“आता कसं मजबूत झालं, साहेब!”