‘थर्मामीटर लावा की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. एक, अंग गार पडलेल्या रुग्णाला थर्मामीटर लावला की हायपोथर्मियाचं (शरीराचं तापमान धोकादायक इतकं उतरल्याचं) निदान होतं, मग अशा रुग्णाच्या ईसीजीवर माझा एवढा लेख कशाला? दुसरा, ‘ऑस्बॉर्न वेव्हच्या उंचीवरून तापमान कळतं’ हे माझं वाक्य चूक आहे.

दुसरा पूर्ण मान्य. ऑस्बॉर्न वेव्ह म्हणजे ईसीजीवर क्यूआरएसच्या (हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणाऱ्या टोकदार भागाच्या) शेवटचा उंचवटा. शरीर गारठत जातं तसा तो बहुधा वाढतो, पण सारख्याच तापमानाच्या दोघांत तो सारखा नसतो, काहींत दिसतही नाही. उलट रक्तातलं कॅल्शियम वाढलं किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तरी तो उमटू शकतो. वाक्य आजच बदललं.

पहिला मात्र पटत नाही. काचेचा साधा थर्मामीटर ताप मोजायला बनवलेला. त्याची पट्टी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते. २९ अंशांवर गेलेला माणूस त्यावर जेमतेम गार वाटतो. अन्ननलिकेत किंवा गुदद्वारात घालायचा, कमी तापमान मोजणारा प्रोब हाताशी असेलच असं नाही. ईसीजी बहुतेक वेळा असतो.

आणि तापमानाचा आकडा मिळाला तरी हृदयाचं काय चाललंय ते ईसीजीच सांगतो. थंडीने पेशींमधले आयनांचे मार्ग मंदावतात, म्हणून ठोके कमी होतात, ईसीजीवरची पीआर, क्यूआरएस, क्यूटी ही हृदयातल्या विद्युत संकेताच्या वेळेची मापं सगळीच लांबतात. ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोडच्या पेशीच मंदावलेल्या असल्यामुळे अट्रोपिन हे ठोके वाढवणारं औषध दिलं तरी ठोके फारसे वाढत नाहीत. ३२ अंशांखाली एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) बऱ्याचदा दिसतं, २८ खाली व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनची (खालच्या कप्प्यांच्या जीवघेण्या थरथरीची) भीती. तेव्हा रुग्णाला नुसतं धसमुसळेपणाने हलवणंही महागात पडू शकतं.

जॉन ऑस्बॉर्न यांनी १९५३ मध्ये गारठवलेल्या कुत्र्यांत हा उंचवटा नोंदवला आणि त्याचा दोष रक्तातल्या आम्लतेला दिला. आज आपण तो हृदयाच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांतल्या पोटॅशियम प्रवाहाच्या फरकातून समजून घेतो.

मला खरी काळजी वाटते ती मशीनच्या छापील निदानाची. हा उंचवटा एसटी (क्यूआरएसनंतरची रेष, जी हार्ट अटॅकमध्ये वर चढू शकते) चढल्यासारखा वाटून मशीन ‘हार्ट अटॅक’ छापू शकतं, आणि ज्याला ऊब हवी त्याला गुठळी विरघळवणारं औषध दिलं जाऊ शकतं. कागदावर तो उंचवटा दिसला, ठोकेही मंद असले, तर आधी रुग्णाच्या पोटाला हात लावून बघा. कपड्यांखालची कातडीही गार लागली तर प्रोब मागवा.